कुट्टी मशीन आणि वैनींचा आडवा दांडा

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारी नोकरीत ऐकण्याची सवय लागते, बोलण्याची नाही. तरी यंदा चिटणीसांनी आम्हाला न विचारताच फळ्यावर ‘घरच्या घरी यंत्रसुधारणा’ असा विषय लिहिला आणि खाली आमचे नाव घातले. गणपतीच्या मांडवात नाही म्हणता येत नाही, म्हणून उभे आहोत.

‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणा म्हणून नव्हे. जे केले ते एकट्याने केले नाही आणि जे चुकले तेही एकट्याचे नाही. आम्ही तीन भाऊ. थोरले आण्णा गावाकडे शेती आणि जनावरे बघतात. मधले उद्यमबागेत एका फाउंड्रीत आहेत. शेंडेफळ तुमच्यासमोर उभे आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेले, राज्य सरकारच्या एका खात्यात यंत्रांची देखभाल करणारे. घर बेळगावपासून हाकेच्या अंतरावर. भात, भातानंतर मसूर, आणि गोठ्यात सहा-सात म्हशी.

विषय सुचला त्याला कारण घडले गेल्या वर्षीच्या उत्सवात. आपल्या मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद मुलाकडे कॅनडाला जाऊन आले होते. महाप्रसादाच्या पंगतीत ते सांगत होते की तिथे घरापुढचा बर्फ काढायला स्नो ब्लोअर नावाचे यंत्र असते. पुढे मळसूत्रासारखे फिरणारे पाते बर्फ गोळा करून मध्ये आणते, त्याच्या मागचा पंखा तो धुराड्यातून लांब फेकतो. कोरडा बर्फ छान उडतो, पण ओला, चिखलासारखा बर्फ धुराड्यात चिकटून बसतो. कारण पंख्याची पाती आणि बाहेरचे लोखंडी कवच यांच्यात थोडी फट असते, तिथे तो राहून जातो. मग तिकडची मंडळी काय करतात, तर गॅरेजमध्ये बसून जाड रबरी पट्ट्याचे तुकडे कापतात आणि पंख्याच्या पात्यांना नटबोल्टने बसवतात. रबर कवचाला जेमतेम घासत फिरते, फट बुजते, बर्फ दुप्पट लांब जातो.

हे ऐकून आम्ही भाऊ एकमेकांकडे बघून हसायला लागलो. त्यांना वाटले, आम्ही चेष्टा करतो आहोत. चेष्टा नव्हती. हाच उद्योग आम्ही आमच्या कुट्टी मशीनला कितीतरी वर्षे आधी केला होता, बर्फाचा कणही न बघता.

शहरात वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. कुट्टी मशीन म्हणजे वैरण बारीक करण्याचे यंत्र. एका बाजूला पत्र्याचा घसा, त्यातून गवत आत सरकवायचे. पुढे दातेरी रोलर ते धरून ओढतात. त्यांच्या पुढे जड चाक, चाकावर दोन वाकडी पाती. ती अर्ध्या-अर्ध्या इंचाचे तुकडे करतात. ब्लोअरवाल्या मशीनला त्याच चाकावर पंखे असतात, ते कुट्टी वरच्या नळकांड्यातून लांब फेकतात. श्रावणात ओले हत्तीगवत घातले की नळकांडे तुंबते. अगदी तोच ओल्या बर्फाचा रोग.

हा योगायोगही नाही म्हणा. बर्फ फेकणाऱ्या यंत्राचा जनक क्वेबेक प्रांतातला आर्थर सिकार. शेतात मळणी यंत्र बघून त्याला ही कल्पना सुचली. १९२५ साली त्याचे यंत्र तयार झाले, १९२७ साली पहिले विकले गेले. म्हणजे स्नो ब्लोअर हा मळणी यंत्राचाच थंडीत गेलेला भाऊ. आणि आपल्या बेळगावलाही या बाबतीत मान खाली घालायचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म याच जिल्ह्यातला, गुर्लहोसूरचा. १८८८ साली बेळगावात त्यांच्या सायकलच्या दुकानाची सुरुवात झाली. त्यांनी घडवलेले पहिले यंत्र कोणते? लोखंडी नांगर सगळ्यांना आठवतो, पण त्याच्या आधीचे कडबा कापण्याचे यंत्र. आमच्या गोठ्यातल्या मशीनचे आजोबाच म्हणा ना. पुढे १९१० मध्ये ते औंध संस्थानात गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याकडे नावाचा रस्ता उरला.

तर आमची मशीन. २०११ साली घेतली, दोन हॉर्सपॉवरची. रबराची सुधारणा तिसऱ्या वर्षी केली. निपाणीला आमची आत्या असते. तिच्याकडे गेलो असताना भंगारवाल्याकडे कारखान्याच्या जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचा तुकडा दिसला, चांगला बोटाच्या पेराइतका जाड. किलोवर घेतला. घरी येऊन त्याचे सारखे तुकडे केले. इथे एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. चाक मिनिटाला शेकडो फेरे घेते. एका पंख्याचे रबर जड आणि समोरच्याचे हलके झाले, तर मशीन थरथरायला लागते आणि बेअरिंग खाते. म्हणून किराणा दुकानातल्या तराजूवर तुकडे जोडीजोडीने तोलले, जड निघाला तो पात्याने तासला. दुकानदार विचारीत होता, हे कुठल्या रोगावर देता? फटीपुरते रबर पुढे काढले, नायलॉक नट वापरले. कुट्टी पूर्वी नळकांड्यात अडकायची ती थेट दावणीपर्यंत पडायला लागली. तुंबणे निम्म्याहून कमी झाले. रोज मशीनवर काम करायचे वैनींना, म्हणजे आण्णांच्या मंडळींना. त्या म्हणाल्या, “भावजी, आज पहिल्यांदा तुमच्या शिक्षणाचा उपयोग झाला.”

इथे थांबलो असतो तर बरे झाले असते. पण एक सुधारणा जमली की हात शिवशिवायला लागतात. ज्यांना नटबोल्टचा नाद आहे त्यांना कळेल.

रविवारी आम्ही धाकटे दोघे गावाकडे असायचो. म्हशींची आठवड्याची कोरडी कुट्टी एका दमात पाडायची म्हणून मशीनचा वेग वाढवावा असे ठरले. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. मोटरवरची पुली तीन इंची, चाकावरची बारा इंची; म्हणजे चाकाचे ३६० फेरे. आम्ही मोटरवर चार इंची पुली चढवली. फेरे ४८० झाले. काम झटपट व्हायला लागले. मग घसा. कंपनीने दिलेला अडीच फुटांचा घसा गोठ्याच्या खांबाला अडत होता, वळताना पायात यायचा. तो दीड फुटावर कापला. मग रोलरवरचे झाकण. ओले गवत तुंबले की दर वेळी चार बोल्ट काढायचे, पुन्हा लावायचे. एका रविवारी काढलेले झाकण परत लावलेच नाही. ते छपरावर पन्हाळीखाली बरीच वर्षे पडून होते. शेवटी स्विच. पावसाची झड येते म्हणून तो मशीनपासून काढून मागच्या भिंतीवर नेला, सहा फूट लांब.

यातली एकेक गोष्ट घेऊन आम्हाला विचारले असते तर प्रत्येकीचे कारण आम्ही दिले असते, आणि ते खरेही असते. नोकरीत आम्ही काय करतो? यंत्रांची तपासणी. कुठे गार्ड नसेल तर शेरा मारतो. ऑफिसातून शेरा मारून आलेला माणूस रविवारी घरी स्वतःच्या हाताने गार्ड काढत होता.

२०१७ चा श्रावण. गणपती तीन आठवड्यांवर आलेले. पहाटे पाचची वेळ, पाऊस, गोठ्यात एक दिवा. आण्णा धार काढायला बसलेले, वैनी मशीनवर. ओल्या हत्तीगवताचा गोळा रोलरच्या तोंडाशी अडला. सरकवायला काठी होती, पण ती त्या दिवशी वासरू हाकायला कुणीतरी नेलेली. वैनींनी हाताने रेटले. गवताचा पीळ बांगड्यांत अडकला आणि हात आत चालला. दुसरा हात स्विचकडे पुरेना. पुतणी तेव्हा अकरावीत. ती आवाज ऐकून आतून धावत आली आणि भिंतीवरचा स्विच तिने बंद केला. बंद केल्यावरही चाक फिरतच होते.

उजव्या हाताची मधली दोन बोटे दुसऱ्या पेरापासून गेली.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघे औषधाच्या चिठ्ठीमागे आकडे मांडत बसलो. दुसरे काय करणार? चाकाचे ३६० फेरे, दोन पाती, म्हणजे मिनिटाला ७२० काप. अर्ध्या इंचाचा एक काप, म्हणजे मिनिटाला ३६० इंच, सेकंदाला सहा इंच गवत आत जाते. आम्ही पुली बदलल्यावर सेकंदाला आठ इंच. कंपनीच्या घशात तोंडापासून रोलरपर्यंत पाच सेकंद मिळत होते. आमच्या कापलेल्या घशात, आमच्या वेगाने, सव्वादोन. शिवाय फिरत्या चाकात साठलेली ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. वेग एक तृतीयांशाने वाढवला, तर ताकद जवळजवळ पावणेदोनपट झाली. म्हणून बंद केल्यावरही चाक ऐकेना. हे गणित डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचे. चार वर्षे आधी त्याच चिठ्ठीएवढ्या कागदावर ते मांडता आले असते.

आण्णा आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त जड गेले. आबा तेव्हा होते. ते एवढेच म्हणाले, “आठवड्यातनं एकदा येणाऱ्यानं रोज हात घालणाऱ्याचं मशीन बदललं.”

त्या वर्षी घरी गणपती बसवला, पण मोदक आत्याने निपाणीहून येऊन केले.

मशीन विकायची असे आम्ही ठरवले होते. वैनीच नको म्हणाल्या. सहा-सात म्हशींची वैरण विळ्याने कोण तोडणार? पण त्यांची अट होती. “आता जे काय कराल ते मला विचारून. आणि मी ओढली गेले तर मशीन आपोआप बंद पडली पाहिजे. मला हात मोकळा राहणार नाही, हे धरून चला.”

पहिले काम उलटे होते. तीन इंची पुली परत बसवली. घसा नवा केला, तीन फुटांचा. त्यातला रोलरकडचा दीड फूट वरून पत्र्याने कायमचा झाकला, बोल्ट नाहीत, वेल्डिंगच. गोठ्याचा खांब अडत होता ना, तो खांब हलवला. एका दिवसाचे काम निघाले. एवढ्यासाठी घसा कापला होता.

मग थांबवण्याची युक्ती. आम्ही पायपट्टी केली. पाय दाबून ठेवला तर पट्टा ताणलेला, पाय काढला की सैल. कागदावर झकास. वैनींनी दोन दिवस वापरली आणि म्हणाल्या, “अर्धा तास एका पायावर उभी राहू? बगळा आहे का मी? उद्या इथे वीट ठेवून मोकळी होईन.” खरेच होते. वीट ठेवली की संपले. त्रासदायक गार्ड माणूस काढून टाकतो, हे आमच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

त्यावर त्यांनीच सुचवले. घशाच्या तोंडाशी, पोटाच्या जरा खाली, एक आडवा दांडा ठेवा. काम करताना तो अंगाला लागणार नाही. पण हात आत ओढला गेला तर माणूस पुढे खेचले जाते, पोट दांड्यावर दाबते. दाबले की मशीन बंद. ज्या ओढीने अपघात होतो तीच ओढ मशीन थांबवते. आम्ही गप्प. पुढे कळले की परदेशात झाडाच्या फांद्या चिरणाऱ्या यंत्रांना असाच दांडा असतो. वैनींनी तसले यंत्र कधी बघितलेले नाही.

मधल्या भावाने फाउंड्रीच्या सुट्टीत तो घडवला. एक इंची पाइपचा दांडा, दोन बाजूंना बिजागरी. दांडा दोन इंच पुढे गेला की सायकलच्या ब्रेकची तार एक खिटी ओढते. खिटी सुटली की स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग ताणपुली मागे खेचते, पट्टा सैल पडतो, आणि त्याच झटक्यात चाकाच्या कडेवर रबराचा ठोकळा दाबला जातो. त्याच दांड्याखाली एक लहान स्विच आहे, तो स्टार्टरचा प्रवाह तोडतो. पुन्हा चालू करायचे तर खिटी हाताने बसवायची आणि हिरवे बटण दाबायचे. चुकून चालू होत नाही. पूर्वी बंद केल्यावर चाक चाळीस सेकंद फिरायचे. आता अडीच सेकंदांत थांबते. तेवढ्या वेळातही गवत सात-आठ इंच आत जाते, हे लक्षात ठेवा. म्हणून नुसता दांडा पुरत नाही, घसाही लांब आणि झाकलेला लागतो. मोठा लाल बटणाचा स्विच भिंतीवरून परत मशीनवर आला, पावसासाठी त्याच्यावर प्लॅस्टिकच्या डब्याचे टोपडे. काठी साखळीने बांधली.

कंपनीने लावलेली सूचना इंग्रजीत आणि हिंदीत होती. वैनींना मराठी आणि कन्नड वाचता येते. मशीन घेतल्यापासून सहा वर्षांत हे आमच्या ध्यानात आले नव्हते. आता घशावर लाल ऑइलपेंटने लिहिले आहे, ‘हात नको, काठी घे’, आणि कामाला येणाऱ्या बायकांसाठी खाली कन्नड अक्षरांत ‘कै हाकब्याड’. पुतणीचे अक्षर आहे, चांगले आहे.

कॅनडाहून आलेल्या आपल्या सभासदांना आम्ही पंगतीतच विचारले, तिकडच्या यंत्राला काय सोय असते? ते म्हणाले, मुठीला दोन दांडे असतात, हात सुटले की मळसूत्र आणि पंखा थांबतो. आणि अडकलेला बर्फ काढायला यंत्रालाच एक प्लॅस्टिकचे फावडे टांगलेले असते. तरीही दर हिवाळ्यात तिकडे लोक बोटे गमावतात. इंजिन बंद केल्यावरही अडलेल्या पंख्यात पट्ट्याचा ताण साठून राहतो. हाताने बर्फ मोकळा केला की पंखा एकदम झटका देतो. आपल्या मशीनलाही हे लागू आहे. तुंबलेले चाक बंद असले तरी ते मेलेले नसते. आधी पट्टा सैल करा, मग काठी घाला. हात घालूच नका.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार फार झाले म्हणून १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. पण कायदा यंत्र बनवणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या दारात उभा राहतो. घरात आणल्यावर रविवारी पाना घेऊन बसणाऱ्याला तो काय करणार? इथे बसलेल्या बहुतेक घरांची आता टिळकवाडीत, शहापुरात, वडगावात घरे आहेत. पण गावाकडे भाऊ आहे, काका आहे, गोठा आहे. मिक्सरच्या झाकणाची खिटी तुटली म्हणून आत आगपेटीची काडी खुपसून तो चालवणारे तर इथेही असतील. हसू नका, आमच्याही घरी होता.

वैनी आज इथे आल्या आहेत, मागच्या रांगेत. त्यांच्या परवानगीशिवाय हे बोललो नसतो. डाव्या हाताने मोदकाच्या पाऱ्या काढायला त्यांना तीन वर्षे लागली. आज प्रसादाच्या ताटात जे एकवीस मोदक आहेत ते त्यांचे. त्यांच्या मते पाऱ्या अजून पूर्वीसारख्या पडत नाहीत.

दुसरा दांडा आम्ही निपाणीला आत्याच्या घरी बसवला. तिथे हंगामात वैरण उसाच्या वाढ्यांची. ती कडक असतात, तुंबत नाहीत, पण लांब पडतात आणि आत जाताना सपकन फिरतात. म्हणून तिथे घशाच्या दोन्ही कडा चार इंच वर उचलल्या. दांडा वैनींच्या मापाने करून नेला होता. आत्या ठेंगणी, तिच्या तो छातीला लागायला लागला. परत कापून पाच इंच खाली घ्यावा लागला. तेव्हापासून आधी माप घेतो.

आजवर असे सात दांडे झाले. पाइप, बिजागऱ्या, तार, स्प्रिंग, स्विच, सगळे बेळगावात मिळते आणि खर्च एका साध्या मोबाइलपेक्षा कमी येतो. मजुरी आम्ही घेत नाही. ज्यांच्या गावाकडे कुट्टी मशीन आहे त्यांनी चिटणीसांकडे नाव द्यावे, अनंत चतुर्दशी झाली की रविवार ठरवू. येताना पट्ट्याची लांबी आणि घशाची रुंदी मोजून आणा. आणि मशीनवर रोज कोण उभे राहते, त्यांना बरोबर घेऊन या. दांड्याची उंची त्यांच्यावरून ठरते.